तुझ्या लग्नाची कॅसेट

मानोरा, जि. वाशीम

प्रिय दिलीप,

तुझ्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट चालली रे! काल अंधार पडल्यावर अंगणातल्या चुन्याच्या भिंतीवर अख्खी वरात आली. तुझे बाबा दिसले तशी आई उठून उभीच राहिली.

तिकडे अमेरिकेत व्हीसीआर शोधणं आता सोड. आपल्या कॅसेटी पॅल पद्धतीच्या, तिकडची जुनी यंत्रं एनटीएससीची. कॅसेट इथंच लावायला हवी होती.

तू जोडणी विचारली होतीस. व्हीसीआरच्या तीन पिना: पिवळीत चित्र, लाल-पांढरीत आवाज. माझ्या प्रोजेक्टरला एचडीएमआयच आहे, म्हणून मध्ये एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी डबी घेतली. तिला वेगळी वीज लागते, मोबाइलच्या चार्जरवर भागतं. ती दिली नाही की पडदा कोराच राहतो आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो.

मग चेहरे. कॅसेटचं चित्र ४:३ चं, प्रोजेक्टरचं १६:९. तसंच सोडलं तर नवरदेव आडवा पसरतो. मेनूत ४:३ केलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या, राहू देत. भिंत भरावी म्हणून आपल्या माणसांचे चेहरे ताणणं मला पटत नाही.

आवाजाकडे मात्र मी सगळ्यांत जास्त लक्ष दिलं. प्रोजेक्टर बसलेल्यांच्या मागे, त्याच्याच स्पीकरवर ठेवलं तर मंगलाष्टकं पाठीमागून ऐकू येतात. म्हणून लाल-पांढरी पिन डबीत न घालता सरळ अँप्लिफायरला दिली आणि स्पीकर भिंतीपाशी मांडले. कल्याणचे पटवर्धन १८९० च्या दशकात काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ करायचे, ‘शांबरिक खरोलिका’ नावानं. तेव्हाही चित्राला निवेदन आणि संगीताची साथ असायचीच. चित्र थोडं फिकं असलं तरी चालतं. आवाज बिघडला की माणसं उठून जातात.

नंतर लॅपटॉप लावून पोहरादेवीची रामनवमीची यात्रा दाखवली. एचडीएमआय जोडायची, विंडोजचं बटण धरून ‘पी’ दाबायचं, ‘डुप्लिकेट’ निवडायचं. लॅपटॉप आवाजही प्रोजेक्टरकडेच पाठवू लागतो, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन तो इयरफोनच्या पिनेवर घ्यायचा आणि तिथून अँप्लिफायरला. ब्लूटूथ स्पीकर नको. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. आणि तुझ्याकडच्या जुन्या व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही, त्याला वेगळी वायर लागेल.

कॅसेट आता यूएसबी कॅप्चरनं संगणकात उतरवतोय. फाइल चार जीबीच्या वर जाईल, म्हणून पेनड्राइव्ह एक्सफॅट करून पाठवतो. तुझ्या प्रोजेक्टरनं तो वाचला नाही तर लॅपटॉपवरून लाव. जानोशाच्या दारात लाल फेट्याचे एक म्हातारे तुझ्या गळ्यात पडून रडताहेत. इथं कुणालाच ओळखू येत नाहीत. ते कोण, तेवढं कळव.

तुझा,
विनायक