म्हैसूरचा उपन्यास

“संध्याकाळी विद्यापीठाच्या मानसगंगोत्री आवारात उपन्यास आहे, येता का?” म्हैसूरच्या यजमानांनी विचारलं आणि माझे कान टवकारले. हिंदीत उपन्यास म्हणजे कादंबरी. ती संध्याकाळी कशी काय असेल? उत्तर ऐकून तर मी उडालोच. कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान! कॉलेजात शिकवणारे ते ‘उपन्यासक’!

आणि कादंबरीला काय म्हणता? “कादंबरी.” अहो, आपलाच शब्द!

मग काय, जो भेटेल त्याला विचारत सुटलो. तमिळमध्ये उपन्यासम् म्हणजे देवळातलं प्रवचन. तेलुगूत भाषण. मल्याळममध्ये चक्क निबंध! उलट बंगाली, ओडिया, असमिया, नेपाळी सगळ्या हिंदीच्या बाजूला: तिथे उपन्यास म्हणजे कादंबरीच. एकाच संस्कृत शब्दाने उत्तरेत गोष्ट सांगितली आणि दक्षिणेत व्यासपीठ गाठलं. मुळात उप-नि-अस्, म्हणजे जवळ ठेवणं, पुढे मांडणं. अमरकोशात उपन्यास म्हणजे बोलण्याचा आरंभ. म्हणजे जुन्या अर्थाच्या अधिक जवळ दक्षिणच राहिली की!

पण मला खरं वेड लावलं ते कादंबरीने. सातव्या शतकात, हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाने एक गद्यकथा लिहायला घेतली. ती अपुरी राहिली आणि त्याच्या मुलाने पुरी केली. तिची नायिका गंधर्वकन्या कादंबरी. संस्कृतात हा शब्द मद्यालाही आहे, हे तर किती गोड! सुमारे हजार वर्षांपूर्वी नागवर्माने तीच कथा ‘कर्णाटक कादंबरी’ म्हणून कन्नडात आणली. पुढे त्या एका नायिकेचं नाव मराठी आणि कन्नड या दोन शेजारणींनी अख्ख्या वाङ्मयप्रकाराला देऊन टाकलं. गुजरातीत नवलकथा, हिंदीत उपन्यास, आणि आपल्या दोघींत एका मुलीचं नाव!

कन्नड साहित्यिक कुवेंपूंच्या या गावात हे कळावं, याचा आनंद वेगळाच. म्हैसूरच्याच कादंबरीकार भैरप्पांचं ‘पर्व’ उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादात आपण वाचतो. वेश बदलला तरी ती इकडेही कादंबरी, तिकडेही कादंबरी.

तुमच्या शेजारी कुणी कन्नड, तमिळ किंवा मल्याळी कुटुंब असेल तर आजच जा आणि विचारा, तुमच्याकडे उपन्यास म्हणजे काय? आणि उत्तर मला जरूर कळवा.