ऐकलं तेवढंच सांगणारा

याला डोळे नाहीत, नुसते कान. नाव वॉचडॉग. जन्म 2000 सालचा, स्टॅनफर्ड विद्यापीठातला. सर्जिओ मार्टी, मेरी बेकर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी याला घडवलं. वस्ती तिथे, जिथे ना टॉवर ना राउटर, यंत्रंच एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात. अशा ठिकाणी ‘हो, माझ्याकडून पाठवा’ म्हणून पुढे व्हायचं आणि हाती आलेलं पॅकेट गुपचूप गिळायचं, ही बॅटरी वाचवण्याची सोपी युक्ती. याचा सगळा जीव ती पकडण्यात.

कामाची पद्धत चिवट. ‘अ’नं पॅकेट ‘ब’ला दिलं, ‘ब’नं ते ‘क’ला द्यायचं. पूर्ण वाट पॅकेटवरच लिहिलेली असते, म्हणून ‘अ’मधल्या या पहारेकऱ्याला पुढचा मुक्काम ठाऊक असतो. पॅकेट गेलं तरी तो प्रत जपून ठेवतो आणि कान टवकारतो. रेडिओला कानात कुजबुजता येत नाही; ‘ब’ जे ‘क’ला सांगेल ते ‘अ’लाही ऐकू येणारच. आलं, की प्रत टाकून द्यायची. वेळेत नाही आलं, तर ‘ब’च्या नावावर एक खूण. खुणा फार झाल्या, की मूळ पाठवणाऱ्याकडे तक्रार.

त्याचा जोडीदार पाथरेटर हिशेबी, यंत्रांना गुण देऊन वाट निवडणारा. अनोळखी यंत्राला 0.5 गुण, स्वतःला मात्र 1. वापरात असलेल्या वाटेवरच्यांना दर 200 मिलिसेकंदांना 0.01 बढती, पण 0.8 च्या वर कोणालाच नाही. म्हणजे सहा सेकंद नीट वागलं, की याच्या दरबारी मिळेल तेवढा विश्वास मिळाला! लबाड ठरलेल्याला थेट उणे 100.

आता याचे दोष. ते त्याच्या जन्मदात्यांनीच लिहून ठेवलेत, हे मला आवडतं. ऐन वेळी दुसरं पॅकेट येऊन आदळलं, की याला काही कळत नाही. ‘ब’नं पाठवलं एवढंच तो जाणतो, ‘क’ला मिळालं का, ते नाही. बेरका ‘ब’ आवाज असा बेतून लावतो, की मागच्या ‘अ’ला ऐकू जावं आणि लांबच्या ‘क’पर्यंत पोचू नये. ‘ब’ आणि ‘क’ आतून मिळालेले असतील तर बोलायलाच नको.

आणि शिक्षा? पाथरेटर लबाडाला वळसा घालून जातो, बस्स. त्याचे स्वतःचे निरोप बाकीचे निमूट वाहतातच. हमाली टळली, बॅटरी वाचली. चोराला याहून काय हवं? तरी 50 यंत्रांच्या संगणकीय चाचणीत, 40 टक्के यंत्रं दगाबाज असताना, या जोडीनं पोचणारा माल 17 टक्क्यांनी वाढवला. निरोपांबरोबरचा कारभारी खर्च मात्र 9 वरून 17 टक्क्यांवर गेला.

2002 मध्ये सोन्या बुखेगर आणि जाँ-इव्ह ल बूदेक यांचा कॉन्फिडंट आला. तो कडक: लबाडाचे निरोपच घ्यायचे नाहीत, शिवाय मित्रांनाही सावध करायचं. इथे नळावरच्या गप्पांचं होतं तेच होण्याची भीती. सज्जनाची खोटी बदनामी करायला एक चहाडखोर पुरे. म्हणून 2004 मध्ये त्याच दोघांनी गाळणी बसवली: दुसऱ्याचं सांगणं स्वतःच्या मतापासून फार लांबचं वाटलं, तर हिशेबात धरायचं नाही. वॉचडॉगच्या तक्रारींना अशी गाळणी नव्हती.