आतडं कुठे संपतं

थेमिस्टो उघडण्याचं काम आता माझ्याकडे नाही. उजव्या अंगठ्याला बारीक कंप सुटला आहे. गोव्यात घरी चहाचा कप उचलताना तो कुणाला कळतही नाही. पण पन्नास अक्षांशाच्या खाली, जहाज दोन्ही अंगांनी हेलकावत असताना, दोन-अडीच सेंटिमीटरच्या जिवाच्या पोटातली नळी न फोडता बाहेर काढायची, तर तेवढा कंप पुरतो. ते काम आता माझी विद्यार्थिनी करते, आणि फार छान करते. तिच्या मागे उभी राहून पडद्यावर तिचं पातं बघताना मला आनंद होतो आणि हेवाही वाटतो.

थेमिस्टो गॉडिचॉडी हा दक्षिणी महासागरातला ॲम्फिपॉड. डोकं म्हणजे बहुतेक डोळेच. हा कोपेपॉड या बारीक प्राणी-प्लवकांची शिकार करतो आणि त्याला मासे, माकूल, पेट्रेल पक्षी खातात. त्याच्या अंगात कॅडमियम इतकं असतं, की त्याच पाण्यातल्या क्रिलचे आकडे कितीतरी पटींनी खाली राहतात. या कामाशी संबंध नसलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: इतक्या दूरवर प्रदूषण पोचलं का? कर्ग्युलेन बेटांच्या आसपास ना कारखाना, ना नदीचं सांडपाणी. हे कॅडमियम खोल समुद्राचं आहे. १९७६ साली बॉइल, स्क्लेटर आणि एडमंड यांनी दाखवून दिलं, की समुद्रात कॅडमियम फॉस्फेटच्या पावलावर पाऊल टाकून चालतं. वरचं प्लवक ते उचलतं, मेल्यावर खाली बुडतं, आणि तळाकडे ते पुन्हा पाण्यात उतरतं. दक्षिणी महासागरात हे खोलातलं पाणी वर येतं. त्यात तिथल्या डायटमना, म्हणजे एकपेशी शैवालांना, लोहाची कायमची उपासमार. लिटरभर पाण्यात लोह मोजून पाच-दहा नॅनोग्रॅम. उपाशी पेशी धातू आत ओढण्याच्या वाटा वाढवते आणि त्याच वाटांनी कॅडमियमही शिरतं, असं आज मानलं जातं. माणसापासून सगळ्यात लांबच्या पाण्यातलं अन्न कॅडमियमने भरलेलं निघतं, ते यामुळे. कर्ग्युलेनच्या माकुलांच्या पाचकग्रंथींत ते सापडतं, गॉफ बेटावरच्या समुद्रपक्ष्यांच्या मूत्रपिंडांत सापडतं. पाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्यात माणसाचा हात आहे आणि मिथिल पारा दर पायरीला वाढत जातो. कॅडमियम तसं चढत नाही, ते अवयवात दबा धरून बसतं.

म्हणूनच माझं सगळं आयुष्य एका आतड्याभोवती फिरलं. थेमिस्टोच्या अंगातलं कॅडमियम मोजलं असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातलं किती त्याचं आणि किती नुकत्याच गिळलेल्या कोपेपॉडाचं? कोपेपॉडाने सकाळी खाल्लेल्या डायटमचं किती? तो आकडा नेमका कुणाच्या नावावर घालायचा?

उपाय सगळ्यांना माहीत आहेत, आणि एकही पुरा पडत नाही. जनावर गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात काही तास ठेवून पोट रिकामं होऊ द्या, असं पुस्तकात असतं. पण ते विष्ठा टाकतं आणि त्याच पाण्यात पोहतं; विष्ठेतला धातू पाण्यात सुटतो आणि कवचावर येऊन बसतो. मध्येच कात टाकली तर कवचाबरोबर काय गेलं याचा हिशेब राहत नाही. भांडं स्वतःचं काही देतं, काही घेतं. शिवाय थेमिस्टो शिकारी आहे, त्याचं जेवण सावकाश पचतं. क्रिलच्या घड्याळाने त्याचं पोट रिकामं होत नाही.

मग गोठवून आणा आणि किनाऱ्यावर निवांत उघडा, हा दुसरा सल्ला. हा मला सगळ्यात नावडता. क्रिलच्या पाचकग्रंथीतली विकरं जबरदस्त असतात. जनावर मेलं की ती ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. गोठवून वितळवलं की पेशी फुटतात आणि ग्रंथीतला माल स्नायूत झिरपतो. मिरकरवाड्याच्या बंदरात माकूल साफ करणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. पोटातली पिशवी फुटू न देता त्या ती एका ओढीत काढतात. युरोपात जाणाऱ्या माकुलावर कॅडमियमची मर्यादा आहे, आतड्याविना किलोला एक मिलिग्रॅम. ग्रंथी उशिरा काढली किंवा फुटली, तर स्वच्छ मांसालाही डाग लागतो. निर्यातीचा माल करणारे हे जाणतात; आमच्यातले काही शास्त्रज्ञ अजून फ्रीजरवर विसंबून आहेत.

तेव्हा जहाजावरच, ताजं उघडायचं. बाटल्या आम्लात धुणं, जाळीची कडी, गंजका डेक, जस्ताचे ॲनोड यांविषयी लिहीत नाही. ज्यांना लागतं त्यांना ते येतं. पाती सिरॅमिकची, चिमटे प्लॅस्टिकचे, खाली टेफ्लॉनची पट्टी. थेमिस्टोला आधी मागून, शेपटीकडच्या खंडाच्या सांध्यात छेद द्यायचा, म्हणजे आतड्याचं मागचं टोक सुटतं. मग डोक्यामागचं कवच सगळीकडून सोडवायचं आणि डोकं पुढे ओढायचं, अगदी हळू. सगळं जमून आलं तर डोक्याबरोबर जठर, आतडं आणि त्याला लगटून असलेल्या ग्रंथीच्या नळ्या एका धाग्यासारख्या बाहेर येतात. कुठे अडकलं तर थांबायचं. जोर केलात की नळी तुटते, तपकिरी रस पट्टीभर पसरतो आणि तो नमुना गेला. बोटाला कळतं कुठे थांबायचं ते. माझ्या बोटाला कळायचं. आताही कळतं, पण कळल्यावर बोट थांबत नाही.

इतकं करूनही प्रश्न जागच्या जागी. ग्रंथीच्या भिंतीतल्या पेशींत जे कॅडमियम प्रथिनाला बांधलेलं आहे ते जनावराचं झालं. त्याच ग्रंथीच्या पोकळीत, अर्धवट पचलेल्या अन्नात जे आहे ते अजून झालेलं नाही. या दोहोंमधली सीमा एका पेशीच्या जाडीची. तिथे कुठलंही पातं जात नाही. मी धुऊन पाहिलं, पिळून पाहिलं, रस वेगळा ओढून पाहिला. दर वेळी थोडी पेशी रसाबरोबर येते, थोडा रस पेशीबरोबर राहतो. रात्री बंकवर पडल्यावर मला तीच रेघ दिसायची.

ज्यांच्याशी माझं पटत नाही ते म्हणतात, एवढा अट्टाहास कशाला? पेट्रेल पक्षी थेमिस्टो सोलून खात नाही. अख्खा वाळवा, कुटा, मायक्रोवेव्हमध्ये नायट्रिक आम्लात विरघळवा, यंत्रावर चढवा. पक्ष्याच्या पोटात किती जातं हा प्रश्न असेल, तर त्यांचं बरोबर आहे. पण तोच अख्ख्याचा आकडा घेऊन थेमिस्टो कॅडमियम साठवतो, या जातीत इतकं आणि त्या जातीत तितकं, असे तक्ते मांडतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. दोन जातींतला फरक त्या सकाळच्या जेवणातलाही असू शकतो.

आणखी एक बोलून टाकते. यंत्रं चांगली झाली आणि हात ढिले पडले. आयसीपी-एमएस इतकं कमी पाहू शकतं, की लोकांना वाटतं आकडा आला म्हणजे खराच. कॅडमियमचा १११ वस्तुमानाचा समस्थानिक मोजताना मॉलिब्डेनमचं ऑक्साइड त्याच जागी येऊन बसतं, हे तपासायला कितीजण थांबतात? क्लेअर पॅटरसनने शिशाचं खरं प्रमाण शोधताना आधी आपली प्रयोगशाळा स्वच्छ केली. सत्तरच्या दशकाआधीचे समुद्राच्या पाण्यातल्या धातूंचे आकडे बहुतांश नमुना घेणाऱ्याच्या घाणीचे होते, हे त्यातूनच उघड झालं. पाण्याच्या बाबतीत आमच्या लोकांनी तो धडा घेतला. समुद्रातल्या धातूंचा शोध घेणाऱ्या जियोट्रेसेस या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या जहाजांवर आज नमुना कसा घ्यावा यावर दुमत नाही. प्राण्यांच्या बाबतीत मात्र, ऊतीत धातू भरपूर असतो, थोडी घाण काय करणार, असा सूर असतो. स्नायूतलं कॅडमियम भरपूर नसतं. तिथे थोडी घाण सगळं करते.

माझी प्रौढी होती ती नेमकी तिथे. कुठलाही शोधनिबंध हातात आला की मी आधी ब्लँकचा, म्हणजे नमुन्याविना केलेल्या कोऱ्या मोजणीचा, रकाना बघायचे. तो नसला की मिटून ठेवायचे. माझा ब्लँक दुसऱ्यापेक्षा खाली दिसला की दिवस छान जायचा. स्नायूचे माझे आकडे इतरांच्या खाली आले की मला त्यात माझे हात दिसायचे, आणि ते इतरांनाही दिसावेत असं फार वाटायचं. परिषदांत कुणी “नमुने कोणी उघडले?” असं विचारलं, तर उत्तर द्यायला मी दुसऱ्या कुणाला संधी देत नसे. वर्षानुवर्षं कुणाला जवळ बसवून शिकवलं नाही, त्यामागे वेळेची सबब होती. खरं कारण हे होतं.

आता ही मुलगी. मागच्या मोहिमेत तिने नळी सुरेख बाहेर काढली, स्नायू एका कुपीत टाकला, आणि नळी कचऱ्याच्या डबीकडे न नेता दुसऱ्या कुपीत सोडली.

“अगं, हे कशाला?”

“मॅडम, लोह इथेच आहे ना.”

तिचं म्हणणं मला ठाऊक होतं. क्रिल तळाशी जाऊन गाळ खातं आणि त्यातलं लोह पोटातून वर आणतं, हे २०११ सालीच मांडलं गेलं आहे. त्याच्या आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी देवमाशांची विष्ठा तपासली, तर तिच्यात भोवतालच्या पाण्याच्या एक कोटी पटींहून जास्त लोह निघालं. विसाव्या शतकात त्या समुद्रात दहा लाखांहून अधिक देवमासे मारले गेले. त्यांच्याबरोबर लोहाचं हे फिरणंही मंदावलं असणार. आमच्या गोव्याचा सहभाग असलेल्या २००९ च्या लोहाफेक्स प्रयोगात सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पाण्यात लोह सोडलं होतं. प्लवक वाढलं, ते कोपेपॉडांनी खाल्लं, आणि कोपेपॉडांवर थेमिस्टोंनी ताव मारला. ते लोह पुढे कुणाच्या आतड्यातून कुठे गेलं, हे सांगायला आतडीच हवीत. मी जे जपून, सफाईने बाजूला काढत आले, ते तिला हवं आहे, आणि समुद्राच्या हिशेबात ते स्नायूपेक्षा कमी मोलाचं नाही.

याने माझी रेघ पुसली जात नाही. उलट ती आता दोन्ही बाजूंनी हवी आहे. तिच्या कुपीत माझ्या ग्रंथीची एक पेशी गेली तर तिचा लोहाचा आकडा फारसा हलणार नाही, कारण आतड्यातल्या मालात लोह मुबलक असतं. पण त्याच कुपीतलं कॅडमियम ती मोजणार असेल तर हलेल. यावर आमचं अजून एकमत नाही. ती म्हणते, पोकळी आणि ग्रंथी एकत्र धरू, स्नायू वेगळा, तेवढं पुरे. मी म्हणते, ग्रंथी तिसऱ्या कुपीत. ती म्हणते, त्यात नळी फुटण्याचा धोका दुप्पट. तिचं हेही बरोबर आहे, आणि तिच्या हाताला ते पेलेल हेही मी रोज बघते.

पुढच्या मोहिमेच्या यादीत मी तीन कुप्या लिहिल्या आहेत. तिने दोनच लिहिल्या आहेत. आतड्याच्या कुपीला ब्लँक स्वतंत्र असेल, त्याच जहाजावर, त्याच टेबलावर, दर फेरीला काढलेला. एवढं तिने कबूल केल्याशिवाय मी यादीवर सही करणार नाही, असं तिला सांगितलं आहे.