‘ताठ बस’ म्हणू नका

पुतणीच्या एक्स-रेत मणक्याचा बाजूला गेलेला बाक (स्कोलिओसिस) 28 अंश निघाला. वय 12, उंची अजून वाढतेय, म्हणून डॉक्टरांनी ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक पट्टा, सांगितला. “उन्हाळ्यात कसा घालू गं काकू?” मला उत्तर सुचेना. 2013 च्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेस घेतलेल्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीत 48 टक्के. ब्रेस जितके तास जास्त, तितका गुण जास्त. बाक 50 च्या पुढे गेला, की बहुधा सळ्या-स्क्रू घालून मणके जोडण्याचीच शस्त्रक्रिया.

“ताठ बसत नाही म्हणून झालं,” असं कुणी तिला म्हटलं की जीव तुटतो. बसण्याच्या सवयीनं हा बाक येत नाही, हो! उद्या शिंप्याकडे ब्रेसवरून बसेल असा गणवेश सैल शिवायला टाकते. ब्रेसच्या आत सुती बनियन लागेलच.