ओळखीचा शब्द दोनदा वाचावा

शिवप्रसाद मिश्र 'रुद्र' काशिकेय यांची 'बहती गंगा' ही हिंदी कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. १७५० ते १९५० या दोनशे वर्षांतली काशी तिच्यात १७ गोष्टींमधून उलगडते. लेखकानं या गोष्टींना तरंग म्हटलं आहे. प्रत्येक तरंग स्वतंत्र वाचता येतो आणि सगळे मिळून एका शहराचं चरित्र उभं राहतं. हिंदी चांगलं येणारा मराठी वाचकही या पुस्तकात अडखळतो. मी हिंदीतून मराठीत अनुवाद करते आणि अवघड कादंबऱ्या वाचणाऱ्यांसाठी टिपा लिहिते. टिपा लिहिण्याची विद्या मला ज्या पुस्तकांनी शिकवली, त्यांत हे पुस्तक पहिलं.

अवघड शब्द दोन जातींचे असतात. काही शब्द आपल्याला थांबवतात. दुक्कड, गौनहारिन, झुलनी. हे कधी ऐकलेले नसतात, म्हणून आपण पेन्सिलीनं खूण करतो आणि कोश उघडतो. काशीच्याच नागरीप्रचारिणी सभेनं तयार केलेला 'हिंदी शब्दसागर' १९२९ साली पूर्ण झाला, तो माझ्या टेबलावर कायम असतो. दुक्कड म्हणजे सनईच्या साथीला वाजणारं तबल्यासारखं जोडवाद्य. गौनहारिन म्हणजे त्या साथीवर लग्नाकार्यात गाणारी व्यावसायिक गायिका. तवायफ वेगळी, ही वेगळी. झुलनी म्हणजे नाकातला लोंबता दागिना, सौभाग्याची खूण. एवढं कळलं की काम भागतं.

दुसऱ्या जातीचे शब्द मात्र थांबवतच नाहीत. ते आपल्या भाषेतल्या शब्दांसारखे दिसतात, अर्थ ठाऊक आहे असं वाटतं आणि आपण पुढे जातो. मराठी माणसाला हिंदी वाचताना खरी भीती यांचीच. लिपी एक, संस्कृतातून आलेलं भांडवल एक, फारसी-अरबीतून आलेलं सामानही बरंचसं एक. त्यामुळे वाचण्याचा वेग मिळतो आणि त्या वेगात शब्द निसटतात.

या कादंबरीतली दुलारी आणि टुन्नू यांची गोष्ट घ्या. एनसीईआरटीच्या दहावीच्या 'कृतिका' या हिंदी पाठ्यपुस्तकात ती अनेक वर्षं होती, त्यामुळे अनेकांनी ती वाचलेली असेल. दुलारी ही नावाजलेली गौनहारिन. टुन्नू हा तिच्याहून बराच लहान, पुरोहिताच्या घरातला मुलगा. होळीच्या सणाला तो तिच्यासाठी खादीची धोती घेऊन येतो. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे धोतर येतं. हा बाईला धोतर का देतो, असा प्रश्न एखाद्याला पडेल. पुष्कळांना तोही पडणार नाही, कारण खादीच्या चळवळीतली काहीतरी रीत असेल असं म्हणून ते पुढे जातील. त्या भागात धोती म्हणजे बायकांची रोजच्या वापरातली सुती साडी. एका पोरसवद्या मुलानं सणाच्या दिवशी एका बाईसाठी साडी आणली आहे. त्या भेटीत किती धाडस आहे, किती संकोच आहे आणि दुलारी त्याला झिडकारते ती कशासाठी, हे सगळं त्या एका शब्दावर टेकलेलं आहे. पुढे परदेशी कापड गोळा करणारे स्वयंसेवक गल्लीतून जातात. लोक त्यांच्या चादरीत जुनेपाने कपडे टाकत असतात आणि दुलारी वरून मँचेस्टर-लँकेशायरच्या कोऱ्या, तलम धोत्यांचा गठ्ठा फेकते. इथेही साड्याच. खादीची साडी आणि गिरणीची साडी यांची तुलना लेखकानं कुठे बोलून दाखवलेली नाही. वाचकाला धोती कळली तरच ती दिसते.

दोघांची पहिली गाठ पडते ती खोजवाँ बाजारात, कजलीच्या दंगलीत. खोजवाँच्या बाजूनं दुलारी, बजरडीहाच्या बाजूनं टुन्नू. मराठीत दंगल म्हटली की दगडफेक आणि संचारबंदी आठवते. कुस्तीच्या सिनेमामुळे आता दुसरा अर्थही कानावर आला आहे. इथली दंगल गाण्याची आहे. पद्यातून सवाल, पद्यातून जवाब, भोवती दोन्ही वस्त्यांचे लोक आणि हरल्या-जिंकल्याचा खरा अभिमान. मराठी वाचकाला हे समजावताना मी कलगीतुऱ्याचा फड आठवायला सांगते. शाहिरांचे सवाल-जवाब ज्यानं ऐकले आहेत, त्याला खोजवाँचा तो प्रसंग लगेच दिसतो: अनुभवी गायिकेसमोर एक कोवळा मुलगा उभा राहतो, तिच्या तोडीचं उत्तर देतो, आणि तिला राग यावा तिथे कौतुक वाटू लागतं.

कजली ही मिर्झापूर-बनारसकडची पावसाळ्यातली गाणी, आणि कजलीची तीज भाद्रपदातली. इथे मराठी वाचक पुन्हा निश्चिंतपणे चुकतो. भाद्रपदातली तृतीया म्हटली की त्याला हरतालिका आठवते आणि पाठोपाठ गणपती. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यांच्या भाद्रपदातला वद्य पक्ष म्हणजे आपल्या श्रावणातला वद्य पक्ष. कजलीची तीज तेव्हा असते, झड लागलेल्या दिवसांत. चैत्राचंही तसंच. होळी झाली की दुसऱ्या दिवसापासून काशीत चैत्र सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा फाल्गुनाचा वद्य पक्ष असतो आणि पाडव्याला अजून पंधरा दिवस असतात. गोष्टीतली होळी आणि शेवटी येणारी चैती, म्हणजे चैत्रातलं गाणं, यांत म्हणूनच फार अंतर नाही. साडी नाकारल्याचा दिवस आणि तीच साडी नेसून गाण्याचा दिवस एकमेकांना चिकटून आहेत. पंचांग न उघडता ही गोष्ट वाचली तर तिचा वेग कळत नाही.

शेवटचा प्रसंग तर एका नावावर उभा आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हरताळ पडतो, पोलिसांच्या मारानं टुन्नूचा जीव जातो आणि त्यानंतर टाउन हॉलमध्ये अमन सभेच्या समारंभात दुलारीला गायला लावतात. अमन म्हणजे शांतता. शब्द सोपा आहे, आणि शांततासभा म्हणजे शोकसभा असेल असा समज अगदी सहज होतो. असहकाराच्या चळवळीत संयुक्त प्रांतात सरकारी अधिकाऱ्यांनी राजनिष्ठ मंडळींना हाताशी धरून ज्या सभा स्थापन केल्या, त्यांना अमन सभा म्हणत. चळवळीला तोंड देण्यासाठी त्या होत्या. आता तो प्रसंग पुन्हा वाचा. मारणाऱ्यांच्या समारंभात, जिथे तो पडला त्याच जागी, त्यानं दिलेली खादी नेसून दुलारी उभी आहे. गाणं आहे झुलनी हरवलेल्या बाईचं. ती म्हणते, इथेच हरवली. सौभाग्याची खूण कुठे हरवली हे ती सरकारच्या माणसांदेखत बोट दाखवून सांगते आहे. झुलनी हा अनोळखी शब्द आपण कोशात पाहिला होता. पण अमन हा ओळखीचा शब्द तपासला नसता तर तिचं बंड वाया गेलं असतं.

या गोष्टीची सुरुवात मला फार प्रिय आहे. दुलारी सकाळी दंड काढते आहे, आणि तिनं धोती कशी नेसली आहे हे सांगताना लेखक महाराष्ट्रीय बायकांचा दाखला देतो: काष्टा मारून. मराठी वाचकाला इथे टीप लागत नाही. आजच्या हिंदी विद्यार्थ्याला मात्र लागते. १९५२ साली बनारसच्या वाचकालाही ती लागली नसती, कारण ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात नऊवारीतल्या मराठी बायका तो रोज पाहत होता. तेच वाक्य एका वाचकाला उजळ आणि दुसऱ्याला अंधारलेलं. दुर्बोधता पुस्तकात जितकी असते तितकीच वाचकाच्या पत्त्यावरही अवलंबून असते. म्हणून कोणत्याही पुस्तकाला टिपा लिहिण्याआधी मी स्वतःला विचारते, की वाचणारा कुठून येतो आहे?

काशीशी आपलं नातं असं जुनं असल्यामुळे काही संदर्भ आपल्याकडे परत येऊन मिळतात. १७८१ च्या ऑगस्टमध्ये वॉरन हेस्टिंग्जनं राजा चेतसिंगाला शिवाला घाटावरच्या वाड्यात अटकेत ठेवलं, लोक उठले, राजा निसटला आणि हेस्टिंग्जला चुनारला पळावं लागलं. घाईत घोड्यावर हौदा आणि हत्तीवर खोगीर चढवलं गेलं, अशी त्याची टिंगल काशीत आजही सांगतात. या कादंबरीतल्या एका तरंगाचं नावच त्यावरून आलं आहे. चेतसिंगाला पुढे आसरा मिळाला तो महादजी शिंद्यांच्या ग्वाल्हेरला, आणि तो तिथेच वारला. त्या काळची गोष्ट वाचताना गुंडा हा शब्द येतो. जयशंकर प्रसादांची 'गुंडा' ही कथाही चेतसिंगाच्याच दिवसांतली. आपल्या वर्तमानपत्रातला गुंड इथे ठेवला की कथा उलटी होते. त्या बनारसमधला गुंडा तलवारीवर जगणारा, दिलेल्या शब्दाखातर मरणारा, दुबळ्याच्या बाजूनं उभा राहणारा माणूस होता.

वाराणसीत जाऊन शब्द विचारायचे तर तेही शिकावं लागतं. "याचा अर्थ काय?" असं विचारलं की समोरचा माणूस शाळेतलं उत्तर देतो. "हे कोण म्हणतं? कुणाला म्हणतं? कधी म्हणतं?" असं विचारलं की तो बोलू लागतो. साफा-पानी हा शब्द मला असाच मिळाला. मी त्यात फेटा पाहत होते. नदीपलीकडे, 'बहरी अलंग'ला जायचं, कपडे साबण लावून धुवायचे, भांग घोटायची, अंघोळ करायची, वाऱ्यावर बसायचं, या सगळ्या निवांत कार्यक्रमाला तिकडे साफा-पानी म्हणतात. गुरू हा शब्दही शिष्याची वाट पाहत नाही. पानवाला गिऱ्हाईकाला आणि गिऱ्हाईक पानवाल्याला गुरू म्हणतो. ब्रह्माघाटाकडच्या एका मराठी घरातल्या आजींनी मला धोती-साडीचा फरक नीट सांगितला. कोणत्या कामाला कोणती नेसायची, घरात कोणती आणि बाहेर कोणती, हे त्या मराठीतून सांगत होत्या आणि शब्द बनारसी वापरत होत्या. अशी दोन्हीकडची माणसं भेटली की कोशाची दहा पानं एका दुपारी कळतात.

माझी पद्धत साधी आहे. पहिल्या वाचनात थांबायचं नाही. फक्त समासात खुणा करायच्या. कथा अंगावरून जाऊ द्यायची, कारण पुष्कळ शब्दांचा अर्थ पुढची पानंच सांगतात. दुसऱ्या वाचनात कोश उघडायचा, आणि या वेळी खूण न केलेल्या शब्दांवरही नजर ठेवायची. कपड्यांची नावं, महिन्यांची नावं, नात्यांची नावं, संस्थांची नावं, शिव्या आणि हाका हे सहा प्रकार ओळखीचे वाटले तरी तपासायचे. वाक्यात जरासं खटकलं, कुणाचं वागणं कारणाशिवाय वाटलं, तर दोष लेखकाला देण्याआधी त्या वाक्यातला सगळ्यात सोपा शब्द पाहायचा. तिसऱ्या वाचनात टिपांची वही मिटून ठेवायची. अर्थ आता आपल्या आत असतो. कादंबरी पुन्हा कादंबरी होते.

या कामाची परंपराही काशीचीच, आणि तिच्यात आपल्या एका थोर माणसाचं नाव आहे. गोदाकाठच्या कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकात काशीत राहिले आणि त्यांनी महाभारतावर 'भारतभावदीप' ही टीका लिहिली. निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्या जमवून, पाठ ताडून मग त्यांनी अर्थ सांगितला. सोप्या श्लोकांवर ते रेंगाळत नाहीत. जिथे गाठ आहे तिथे बसतात. त्या गाठींची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. गणपतीनं अट घातली की लेखणी थांबता कामा नये, आणि व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहू नये. मग व्यास मध्येच कूटश्लोक घालत. त्यांची संख्या ८८०० सांगतात. बुद्धीच्या देवतेलाही तिथे क्षणभर विचार करावा लागे, आणि तेवढ्यात व्यास पुढचे श्लोक रचत. अवघड शब्दाबद्दल याहून आदराची गोष्ट मला माहीत नाही. समजल्याशिवाय पुढे जाऊ नये, ही अट वाचकालाही लागू आहे.

आणि ती फक्त हिंदीपुरती नाही. 'बनगरवाडी'तली माणदेशी बोली, उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली वऱ्हाडी, नेमाड्यांच्या 'हिंदू'तली खानदेशी घरं आणि शेतं आजच्या शहरी मराठी मुलाला बनारसइतकीच दूर आहेत, आणि आपलीच भाषा म्हणून तो ती जास्त बेसावधपणे वाचतो. ज्यांच्या घरात हे शब्द अजून बोलले जातात, त्यांनी ते उतरवून ठेवावेत. नुसता अर्थ लिहू नये. कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, कोणत्या कामाच्या वेळी म्हणतं, हेही लिहावं. प्रकाशकांनी अशा कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांना शेवटी चार पानं टिपांची जोडावीत. आणि वाचकांनी पेन्सिल हातात घेऊन वाचावं, अनोळखी शब्दासाठी एकदा आणि ओळखीच्या शब्दासाठी दोनदा थांबावं.