सुरतेची मुले मुंबई पाहतात तेव्हा



आपल्या गुजरातेत शाळांची मोठी सुट्टी दिवाळीची. हिवाळ्यात नाताळचा एक दिवस मिळतो आणि मग उत्तरायणाची वाट पाहायची. २०२३ साली मात्र २५ डिसेंबर सोमवारी आला, त्यामुळे रविवार जोडून दोन दिवस हाती लागले. शाळेतील तीन पालक-कुटुंबे आणि आम्ही पती-पत्नी असे पंधरा जण मुंबई पाहायला निघालो. त्यात मुले सात. सातपैकी पाच मुलांनी मुंबई कधीच पाहिली नव्हती.

याचे नवल वाटू नये. आपल्याकडची बहुतेक कुटुंबे खानदेशातून आलेली. सुट्टी लागली की ताप्ती लाइनची गाडी पकडायची आणि नंदुरबार, धुळे, जळगावकडे गावी जायचे, हा आपला शिरस्ता. मुंबई सुरतेपासून अवघ्या २६३ किलोमीटरवर. पहाटे फ्लाइंग राणीत बसले की पाच तासांच्या आत मुंबई सेंट्रल येते. पण तिथे आपले काम नसते, म्हणून जाणे होत नाही.

गाडीत मी मुलांना एवढेच सांगितले की मुंबई ही एका अर्थाने सुरतेची धाकटी बहीण आहे. इंग्रजांच्या कंपनीला मुंबईची बेटे १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळाली. त्या वेळी कंपनीचा पश्चिम किनाऱ्यावरचा मुख्य कारभार सुरतेतून चाले. १६८७ साली तो मुंबईला हलला. पुढे १७३६ मध्ये सुरतेचे जहाजबांधणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला गेले आणि त्यांच्या घराण्याने तिथल्या गोदीत पिढ्यानपिढ्या जहाजे बांधली. १८१७ साली मुंबईत बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवलेले आहे. हे ऐकून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, आपल्या आधी पण सुरतेहून लोक मुंबईला कामाला जायचे!" अगदी बरोबर.

ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर दिसला तेव्हा सुरतेचा धागा पुन्हा सापडला. हा मनोरा ज्यांच्या देणगीतून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद सुरतेत जन्मलेले. आपल्या आईचे नाव त्यांनी मनोऱ्याला दिले. १८७८ साली तो पूर्ण झाला; उंची २८० फूट. मुलांनी खाली उभे राहून मजले मोजायचा प्रयत्न केला आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आला.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १९२४ साली खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, विजेवर चालणारी दुमजली बस, हे सर्व पाहिले. मुलांना सर्वांत जास्त काय आवडले? तर बसच्या वरच्या मजल्यावरची पुढची सीट.

माझ्या मनात मात्र राहिली आहे ती दुसरीतली एक मुलगी. ती रस्त्याने चालताना एकेक पाटी मोठ्याने वाचत होती. दुकानाचे नाव, चौकाचे नाव, बसवरचे गावाचे नाव, 'येथे थुंकू नये'सुद्धा. आई म्हणाली, "अगं, पुरे आता!" पण ती थांबेना. तेव्हा माझ्या लक्षात आले की कतारगाममध्ये आपली मुले वर्गात जी अक्षरे गिरवतात, ती शाळेच्या फाटकाबाहेर त्यांना फारशी दिसत नाहीत. बाहेर सगळीकडे गुजराती पाट्या. ती लिपीही आपली मुले सहज वाचतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण शाळेत शिकलेले अक्षर रस्त्यावर भेटण्याचा आनंद त्या मुलीला पहिल्यांदा मिळत होता. माझे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले. मराठी मी घरात ऐकली आणि वाचायला पुष्कळ उशिरा लागलो. त्यामुळे तिचा आनंद मला जरा जास्तच कळला.

दुसऱ्या दिवशी लोअर परळला गेलो. आमच्यातील एक पालक वीस वर्षे लूम्सवर काम करीत आहेत. जुन्या गिरणीच्या जागी उभा राहिलेला मॉल आणि एक उंच चिमणी पाहून ते बराच वेळ उभे राहिले. मी त्यांच्या मुलाला सांगितले की १८ जानेवारी १९८२ रोजी इथल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. त्या कामगारांतही मराठी माणसे पुष्कळ होती. वडील मुलाला एवढेच म्हणाले, "आपला धंदा पण असाच आहे, बेटा. म्हणून सांगतो, शिक." मुख्याध्यापक म्हणून मी हेच वर्षभर सांगत असतो; पण त्या चिमणीखाली बापाच्या तोंडून ते जसे पोहोचले, तसे माझ्या भाषणातून पोहोचत नाही.

शेवटी हुतात्मा चौक. शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत, ते शिल्प पाहताना सातवीतल्या मुलाने विचारले, "सर, मुंबईत आपण पाहुणे की घरचे?" प्रश्न सोपा नव्हता. मी त्याला सांगितले की १९६० पूर्वी सुरत आणि मुंबई एकाच राज्यात होत्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी लोकांनी प्राण दिले, त्यांचे हे स्मारक. तिकडे महागुजरातसाठीही ८ ऑगस्ट १९५६ रोजी अहमदाबादेत गोळीबारात विद्यार्थी गेले. १ मे १९६० या एकाच दिवशी दोन्ही राज्ये जन्मली. आपली भाषा एका राज्याची, आपली भाकरी दुसऱ्या राज्याची. म्हणून आपल्यावर दोन्ही घरांची जबाबदारी आहे. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मग १ मेला आपण दोन्ही झेंडावंदने करायची का?" सगळे हसले. पण त्या दिवशी आपल्या शाळेत दोन्ही लढ्यांची माहिती सांगायला काय हरकत आहे?

पालकांना माझे सांगणे इतकेच आहे. फिरायला जाण्यासाठी फार पैसा लागतोच असे नाही. आम्ही जेवणाचे डबे घरून नेले, रात्री परळला नातेवाइकांकडे दाटीवाटीने झोपलो आणि त्यांच्यासाठी कतारगामची पापडी घेऊन गेलो. मुंबईच्या बाजारातही 'सुरती पापडी' म्हणून ती मिळते, पण त्या माउलीने आमची पिशवी पाहून लगेच उंधियूचा बेत केला! जाण्याआधी मुलांबरोबर बसून चार ठिकाणे ठरवा, त्यांची थोडी माहिती वाचा आणि परत आल्यावर मुलांकडून एक पान लिहून घ्या.

विश्वस्त मंडळींना विनंती आहे की आपल्या शाळेची एक सहल मुंबईला न्यावी, आणि ज्या मुलांच्या घरून वर्गणी येणे कठीण आहे त्यांची सोय शाळेने करावी. पाठ्यपुस्तकातली मराठी एका अख्ख्या शहरात बोलताना, भांडताना, भाजी विकताना मुलांनी एकदा तरी ऐकली पाहिजे. ती ऐकून परत आलेले मूल वर्गात धडा वाचायला उभे राहते तेव्हा त्याचा आवाज थोडा मोठा झालेला असतो. आमच्या सातही मुलांचा झाला आहे.