यादीतला पहिला शब्द

माझ्या खालाचा कर्जाचा अर्ज परत आला, तेव्हा त्यावर एकच शेरा होता : ‘पतीची सही नाही.’

ही गोष्ट २००८ सालची. खाला मिरजेत राहायची, शिलाई करून पोट भरायची. पायानं चालवायच्या मशीनवर काम करून गुडघे गेले होते, म्हणून तिला मोटार लावलेलं नवं मशीन घ्यायचं होतं. खालूनं तिला सोडलं त्याला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. त्यानं तलाक दिला नाही, खर्च दिला नाही. दुसऱ्या गावी जाऊन दुसरा संसार मांडला. खालाकडे ना तलाकनामा होता ना कोर्टाचा कागद. अशा बाईला आपल्याकडे ‘टाकलेली’ म्हणतात. शब्द वाईट आहे, पण ती बाई कुठल्या अवस्थेत आहे हे त्यातून नेमकं कळतं.

मी तेव्हा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या एका संस्थेचं काम आमच्याकडे होतं, म्हणूनच मी खालाला तिथं अर्ज करायला सांगितलं होतं. शाखेत बसलेली मुलगी अर्ज संगणकात भरायची. ती माहिती आमच्या सर्व्हरवर यायची आणि आमचा प्रोग्राम अर्ज नियमात बसतो का ते तपासायचा. अर्जदार विवाहित असेल तर पतीची सही हवी, हा संस्थेचा नियम होता. तो प्रोग्राम मी लिहिला होता.

शाखेतलं सॉफ्टवेअर दुसऱ्या एका कंपनीनं जावामध्ये केलं होतं, आमचा सर्व्हर डॉटनेटवर होता. अशा दोन परक्या यंत्रणांनी एकमेकींशी बोलायचं तर आधी करारनामा लागतो : कोणते प्रश्न विचारता येतील आणि उत्तरं कोणत्या रूपात येतील. त्या काळी हा करारनामा डब्ल्यूएसडीएल या पद्धतीनं लिहीत. तिची १.१ ही आवृत्ती मार्च २००१ मध्ये डब्ल्यूथ्रीसीनं टिपण म्हणून प्रसिद्ध केली. माहितीचे प्रकार सांगण्यासाठी त्यात एक्सएमएल स्कीमा वापरत, ती मे २००१ मध्ये प्रमाण झाली. एखाद्या रकान्यात ठरावीक उत्तरांपैकीच एक यावं असं सांगायचं असेल, तर स्कीमात साध्या मजकुराचा प्रकार घेऊन त्यावर मर्यादा घालतात आणि चालणारी उत्तरं एकाखाली एक लिहितात. प्रोग्रामर मंडळी या यादीला ‘एनम’ म्हणतात.

वैवाहिक स्थितीचा एनम मी असा लिहिला होता : विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित. संस्थेच्या छापील अर्जावर हेच चार चौकोन होते. ‘विवाहित’ मी सगळ्यात वर घेतलं, कारण बहुतेक बायका विवाहित असणार. याहून जास्त विचार केला नव्हता. मला वाटतं, पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

खालानं फोनवर सांगितलं की तिनं त्या चारपैकी कशावरच खूण केली नव्हती. शाखेतल्या मुलीनं विचारलं, तेव्हा खाला म्हणाली, “यातलं माझं एकही नाही.” त्या मुलीनंही समजूतदारपणे रकाना रिकामा सोडला. मग ‘विवाहित’ आलं कुठून?

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी नोंदी काढल्या. शाखेकडून आलेल्या संदेशात वैवाहिक स्थितीचा टॅगच नव्हता. जावाच्या बाजूला उत्तर निवडलेलं नसलं की त्या जागी ‘नल’, म्हणजे काहीच नाही, असं असतं. संदेश तयार करताना तो टॅग वगळला जातो. इथवर सगळं खरं होतं. आमच्या डेटाबेसमध्ये मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं : विवाहित.

डॉटनेटमधला एनम आतून एक आकडा असतो. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत तर यादीतला पहिला शब्द म्हणजे शून्य, दुसरा म्हणजे एक. आणि साध्या आकड्याच्या जागेला रिकामं राहता येत नाही, तिथं निदान शून्य तरी असतंच. टॅग आला नाही, जागा शून्यावर राहिली, आणि शून्य म्हणजे ‘विवाहित’. करारनाम्यात तो टॅग सक्तीचा होता, पण डॉटनेटचा जो भाग संदेश वाचतो तो सक्तीची गोष्ट आली की नाही हे स्वतःहून तपासत नाही. ते तपासणं माझं काम होतं. मी ते केलं नव्हतं.

म्हणजे जे खाला बोलली नाही, त्या मुलीनं भरलं नाही, शाखेतून निघालं नाही, ते माझ्या यादीच्या क्रमानं लिहून टाकलं. आणि मग माझ्याच प्रोग्रामनं तिच्याकडे पतीची सही मागितली.

शाखेतल्या एकानं खालाला सुचवलं, “जाऊन सही घेऊन या ना, एका सहीचा तर प्रश्न आहे.” खाला मला म्हणाली, “एकोणीस वर्षं मी त्याच्या दारात गेले नाही. आता मशीनसाठी जाऊ?”

दुरुस्तीसाठी मीटिंग झाली. पहिली सूचना आली, ‘इतर’ असा एक पर्याय टाका, काम संपलं. पण ‘इतर’ म्हणजे काय? विचारलंच नाही, सांगितलं नाही, लागू होत नाही, आणि सांगितलं पण यादीत नाही, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. स्त्री-पुरुष नोंदीसाठी आयएसओचं ५२१८ क्रमांकाचं एक प्रमाण आहे. त्यात पुरुष १, स्त्री २, माहीत नाही ० आणि लागू नाही ९. एवढ्याशा यादीतसुद्धा ‘माहीत नाही’ आणि ‘लागू नाही’ वेगळे ठेवलेत, आणि शून्य कुणा माणसाला न देता ‘माहीत नाही’ला दिलंय. ते वाचून मला माझी यादी आठवली आणि ओशाळायला झालं.

आपल्या जनगणनेतही हा प्रश्न आलेला आहे. २००१ मध्ये घटस्फोटित आणि विभक्त यांना एकच खूण होती. २०११ मध्ये त्या दोन वेगळ्या झाल्या, आणि विभक्त स्त्रियांची संख्या घटस्फोटित स्त्रियांच्या दुपटीहून अधिक निघाली, २३ लाखांच्या वर. सर्व धर्मांतल्या. आधीही त्या होत्याच, फक्त कुणीही वेगळ्या मोजलेल्या नव्हत्या. धर्माच्या रकान्याची रीतही पाहण्यासारखी आहे : सहा धर्मांना खुणेचे आकडे, आणि यादीबाहेरचा धर्म असेल तर आकडा न देता त्याचं नाव पूर्ण लिहायचं. एक्सएमएल स्कीमात हेच करता येतं. ठरलेली यादी आणि मोकळा मजकूर यांचा ‘युनियन’ करायचा. नेहमीची उत्तरं यादीतून येतात, बाकीच्यांसाठी दार उघडं राहतं. प्रोग्रामरला ते आवडत नाही, कारण मोकळ्या मजकुरावर नियम चालवता येत नाही, तो माणसानं वाचावा लागतो.

आम्ही शेवटी यादीच्या डोक्यावर ‘नोंद नाही’ घातलं आणि तळाला ‘विभक्त’. ‘नोंद नाही’ आलं की अर्ज परत न पाठवता माणसाकडे तपासायला द्यायचा, असं ठरलं. दोन शब्द वाढवायला किती वेळ लागतो? प्रोग्राममध्ये दोन मिनिटं. करारनाम्यात चार महिने. कारण एनम ही बंद यादी असते आणि दोन्ही बाजूंनी ती आपापल्या प्रोग्राममध्ये कोरून घेतलेली असते. आपण नवा शब्द स्वीकारायला लागलो तर जुन्यांचं काही बिघडत नाही. पण तो उत्तरात पाठवायला लागलो की जुनं सॉफ्टवेअर अडतं. डॉटनेट असेल तर ओरडतं आणि पूर्ण संदेश नाकारतं. जावाची त्या वेळची नेहमीची पद्धत गप्प राहून त्या जागी ‘नल’ ठेवायची. मला विचाराल तर ओरडणारं बरं, निदान कळतं तरी. आम्हाला सेवेची दुसरी आवृत्ती वेगळ्या पत्त्यावर ठेवावी लागली आणि एकेक शाखा तिकडे न्यावी लागली. मिरजेची पाळी शेवटी आली.

तोवर खाला थांबली नाही. तिनं भिशी उचलली आणि मशीन घेतलं.

ईदला गेलो तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. माझी चूक होती हेही सांगितलं. शून्य, पहिला शब्द, वगैरे तिला समजावत बसलो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मी कोरं सोडलं होतं ना? मग तुझ्या मशीननं पण कोरंच ठेवायचं. त्याला काय अडचण होती?”

काही अडचण नव्हती. अडचण मी करून ठेवली होती.

आता डब्ल्यूएसडीएल फारसं कुणी नव्यानं लिहीत नाही. पण ही चूक जुनी झालेली नाही, कारण याद्या आजही माणसंच करतात. प्रोटोकॉल बफर्सच्या २०१६ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत एनमचा पहिला शब्द शून्याचाच असावा लागतो, आणि त्याला ‘अनस्पेसिफाइड’, म्हणजे ‘सांगितलेलं नाही’, असं नाव द्यावं अशी शिफारस आहे. माझ्यासारखे बरेच जण ठेचकाळले असणार, त्याशिवाय असे नियम होत नाहीत.

माझ्या हाताखाली नवी मुलं येतात. त्यांनी लिहिलेला करारनामा तपासायला आला की मी आधी त्यातले एनम शोधतो आणि प्रत्येकाचा पहिला शब्द वाचतो. तिथं ‘विवाहित’, ‘पुरुष’, ‘मंजूर’, ‘भारतीय’ असं काही दिसलं, की त्या मुलाला बोलावून विचारतो, “कुणी काहीच सांगितलं नाही, तर तुझा प्रोग्राम त्याला काय समजेल?” बहुतेकांनी हा विचार केलेला नसतो. मग मी त्यांना खालाची गोष्ट सांगतो.